पीसीओएस, चेहऱ्यावरचे केस आणि मुरुम: अँटी-अँड्रोजन गोळी सुरू करण्याआधी आणि केल्यावर

‘अक्का, हनुवटीवरचे केस जायला ती गोळी द्या की.’ बेळगाव-खानापूरकडं मेडिकलच्या काउंटरवर ही मागणी पूर्वी कुजबुजत यायची. आता मोबाईलवर कुणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो पुढं सरकतो. फोटोत बहुतेक वेळा स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अँड्रोजन हार्मोनला अडवणारी (अँटी-अँड्रोजन) गोळी, लिहिलेली असते. मामेबहिणीला किंवा हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला लागू पडलं, म्हणून हिलाही हवं. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, मग ती रागानं पुढच्या दुकानात जाते. हा लेख तिच्यासाठी, आणि तिच्या आईसाठीही, कारण निम्मे प्रश्न आईचेच असतात.

गोळी वाईट म्हणून मी अडवत नाही. योग्य बाईला, योग्य वेळी मिळाली तर ती चांगलं काम करते. पण पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी निदान पक्कं झालेलं असावं, गर्भ राहणार नाही याची सोय झालेली असावी, आणि कमीत कमी सहा महिने दम धरायची तयारी असावी. यातलं मधलं जे आहे त्यावर आपल्याकडं कुणी तोंड उघडत नाही, म्हणून त्यावर मी खाली जास्त लिहिलंय.

गोळी करते काय

अँड्रोजनला आपण पुरुषी हार्मोन म्हणतो, पण ते प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. अंडाशय आणि मूत्रपिंडावर बसलेली अधिवृक्क ग्रंथी ते बनवतात. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पाळी आणि अंडाशयाच्या हार्मोनचा बिघाड) असेल तर ते जास्त बनतं. यात इन्सुलिनचा मोठा हात असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात ते वाढत जातं आणि अंडाशयाला आणखी अँड्रोजन बनवायला लावतं. मान आणि काख काळी, जाडसर होते ती याच कारणानं. तो मळ नव्हे, घासून जात नाही.

केसाच्या मुळाशी टेस्टोस्टेरॉन या अँड्रोजनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं आणि तिथं खरी गडबड सुरू होते. ओठावरची, हनुवटीवरची, पोटावरची मऊ लव राठ काळे केस होऊन वाढते. डोक्यावर मात्र उलटं होतं: केस बारीक होत जातात आणि भांग रुंद दिसायला लागतो. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मग जबड्याच्या कडेनं खोल, दुखरे मुरुम येतात. स्पायरोनोलॅक्टोन आणि सायप्रोटेरॉन ही औषधं अँड्रोजनला केसाच्या मुळाशी चिकटू देत नाहीत. फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनचं ते रूपांतरच कमी करतं.

पीसीओएस बरा करणारं यात काहीच नाही. पाळी नियमित होणं, वजन उतरणं, बीज सुटणं या गोष्टी या गोळ्यांकडून मागू नका. त्या घेता तोवर लक्षणं दाबलेली राहतात, एवढंच.

पहिली पायरी: हे पीसीओएसच आहे ना?

सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ (पीसीओएसलाच म्हणतात) लिहून आलं की घरचे निदान झालं समजतात. तसं नसतं. २००३ पासून डॉक्टर जे निकष वापरतात त्यात तीन गोष्टी आहेत: पाळी अनियमित असणं, अँड्रोजन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत अंडाशयावर खूप बारीक फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) दिसणं. तीनपैकी दोन हवेत, आणि तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार नाहीत हे बघितलेलं हवं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी धरूच नये, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचं अंडाशयही तसंच दिसतं. म्हणजे दहावी-बारावीतल्या पोरीला केवळ सोनोग्राफीवरून ‘पीसीओडी’ म्हणून घाबरवू नका.

रक्ताच्या तपासण्यांत थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, आणि अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष वगळायला सकाळी लवकर काढलेलं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असतं. साखर आणि लिपिडही बघतात. केस गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) मागून घ्या. आपल्याकडच्या पोरींत लोह कमी असणं इतकं सर्रास आहे की निम्मं गळणं त्याचंच निघावं. टायफॉईड किंवा डेंग्यू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात ते वेगळं, ते आपोआप थांबतात.

लॅबला जाण्याआधी दोन गोष्टी बघा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा आणि दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्यामुळं हार्मोनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना काढलेलं टेस्टोस्टेरॉन खरं चित्र दाखवत नाही. त्या बंद करून तीन महिने जावे लागतात.

काही लक्षणं अशी आहेत की लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. दोन-चार महिन्यांत झपाट्यानं केस वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावर पुरुषासारखं टक्कल पडायला लागलं, तर अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना, हे बघावं लागतं. पीसीओएस सावकाश, वर्षावर्षांनी वाढतो.

आणि तोंडाला लावायचं ते ‘गोरं करणारं’ क्रीम कुठलं आहे, ते ट्यूब उलटी करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉईड आहे. रोज लावलं की त्यानंच मुरुम येतात आणि तोंडावर लव वाढते. अशी पोर पीसीओएसची गोळी मागायला येते तेव्हा मी आधी क्रीम विचारते.

दुसरी पायरी: कुणाकडं जायचं

त्वचारोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोन्ही लागतात, आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी दिसली पाहिजे. बेळगावात बिम्सच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात दोन्ही विभाग आहेत, केएलईच्या प्रभाकर कोरे हॉस्पिटलातही. निपाणी-चिकोडीकडच्या बायका कोल्हापूर जवळ म्हणून तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातात. कारवारकडं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. पाट्या कन्नडमध्ये असल्या म्हणून बिचकू नका. केसपेपरच्या खिडकीवर मराठीत विचारलं तरी बेळगावात भागतं.

जाताना एका कागदावर मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहून न्या. चालू असलेलं प्रत्येक औषध लिहा, आयुर्वेदिक काढासुद्धा. घरात कुणाच्या पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, तुमचं अर्धं डोकं दुखतं तेव्हा आधी डोळ्यांपुढं चमकतं का, हेही लिहा. आणि तपासणीच्या दिवशी थ्रेडिंग, वॅक्सिंग करून जाऊ नका. डॉक्टर ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा नऊ जागांना शून्य ते चार गुण देऊन केस मोजतात. स्वच्छ केलेल्या हनुवटीला ते गुण काय देणार?

तिसरी पायरी: गोळीच्या आधीचं

२०२३ च्या तत्त्वांनुसार चेहऱ्यावरच्या केसांसाठी पहिलं औषध म्हणजे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन असलेली गर्भनिरोधक गोळी, आणि जोडीला केस काढण्याचे उपाय. हे सहा महिने करून फरक पुरेसा वाटला नाही तर अँटी-अँड्रोजनचा विचार. गर्भनिरोधक गोळी अंडाशयाचं अँड्रोजन कमी करते, शिवाय रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवते. पाळीही ठरल्या वेळी येते. कुठल्या कंपनीची सर्वांत भारी, यावर वाद घालू नका. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एनसुद्धा याच जातीची आहे.

सायप्रोटेरॉन असलेल्या ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळ्या आपल्याकडं मुरुमांवर सर्रास लिहिल्या जातात. त्यांत गुठळी होण्याचा धोका इतर गोळ्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून त्या पहिल्या क्रमांकाच्या मानत नाहीत. कुणाला लिहून दिली असेल तर बंद करा असं मी म्हणत नाही, पण ‘हीच का’ एवढं डॉक्टरांना विचारायचा हक्क तुम्हाला आहे. कुठलीही इस्ट्रोजेनची गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना.

मुरुम साधे असतील तर अँटी-अँड्रोजनची गरजच पडत नाही, अडापालीन आणि बेंझॉईल पेरॉक्साइडच्या जेलवर भागतं. केस विरळ असतील तर डोक्याला मिनॉक्सिडिल. पहिल्या काही आठवड्यांत त्यानं गळणं वाढल्यासारखं होतं, घाबरून सोडू नका. ते कपाळावर ओघळू देऊ नका, आणि घरात मांजर असेल तर फार जपा, मांजराला ते विषारी आहे. दाढीचं ब्लेड फिरवल्यानं केस राठ होतात ही जुनी समजूत, खरी नाही. लेझर चांगला उपाय आहे, पण सावळ्या त्वचेला चालणारं मशीन आणि अनुभवी हात हवा. हार्मोन ताब्यात नसतील तर नवे केस येतच राहतात, पैसे मात्र गेलेले असतात.

चौथी पायरी: स्पायरोनोलॅक्टोन

पाकिटातला कागद वाचून घरात हमखास गोंधळ होतो. ‘ही तर हार्टची गोळी!’ बरोबर आहे. साठ वर्षांहून जास्त काळ हे औषध हृदय, रक्तदाब आणि अंगावरची सूज यांसाठी वापरलं जातंय. अँड्रोजनला अडवण्याचा गुण त्यात जोडीनं आहे आणि त्वचेचे डॉक्टर त्याचाच उपयोग करतात. इंग्लंड-वेल्समध्ये ४१० बायकांवर झालेली, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मुरुमांसाठीच होती. तीत आधी ५० आणि मग १०० मिलिग्रॅम दिली. बारा आठवड्यांना फरक थोडा होता, चोवीस आठवड्यांना तो जास्त दिसला. हा आकडा लक्षात ठेवा, कारण बहुतेक जणी दीड महिन्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात.

डोस दिवसाला २५ ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो, कमीपासून सुरू करून वाढवतात. जेवणानंतर घ्यायची, त्यानं ती नीट शोषली जाते. लघवीला जास्त होते, म्हणून झोपताना घेतली तर रात्री उठावं लागतं. खानापूरहून रोज बसनं बेळगावला कामाला येणाऱ्या पोरींना सकाळची गोळी त्रासाची होते, त्यांनी डॉक्टरांना विचारून संध्याकाळी घरी आल्यावर, काही खाऊन घेतली तर सोपं जातं.

सुरुवातीला उठताना गरगरणं, छाती दुखरी होणं, डोकं दुखणं, पाळी मध्येच येणं हे होऊ शकतं. एकटी गोळी घेतली तर पाळी बिघडण्याचं प्रमाण जास्त, गर्भनिरोधक गोळीबरोबर ते सावरतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे औषध नाही. रक्तदाब आधीच कमी असेल तर जपून.

फिनास्टेराइडचा उपयोग मुख्यतः डोक्यावरचे केस विरळ होण्यावर करतात. गरोदर बाईनं ती गोळी फोडू नये, चुरा हाताळू नये. फ्लुटामाइडनं यकृत निकामी झाल्याच्या घटना आहेत, केसांसाठी तो धोका घेण्यात अर्थ नाही. बायकाल्युटामाइड काही डॉक्टर देतात, तेव्हा यकृताच्या तपासण्या चुकवू नका.

पाचवी पायरी: गर्भ राहणार नाही याची सोय

वर उल्लेख केलेली प्रत्येक अँटी-अँड्रोजन गोळी गर्भाला घातक ठरू शकते. पोटातलं बाळ मुलगा असेल तर पहिल्या महिन्यांत त्याचे लैंगिक अवयव घडायला अँड्रोजन लागतं, आणि ही गोळी तेच अडवते. म्हणून गोळी चालू असताना गर्भ राहू देता कामा नये. यात ‘बहुतेक राहणार नाही’ चालत नाही. पाळी अनियमित आहे म्हणजे गर्भ राहत नाही, असं समजणाऱ्या बऱ्याच आहेत. पीसीओएसमध्ये बीज कधी सुटेल ते सांगता येत नाही, म्हणून उलट जास्त सावध राहायचं.

लग्न न झालेल्या मुलीच्या पर्समध्ये गर्भनिरोधक गोळीचं पाकीट सापडलं की घरात काय होतं ते मी सांगायला नको. आई पाकीट घेऊन थेट दुकानात येते. मी तिला सांगते, मावशी, ही हार्मोनची गोळी आहे, पाळी आणि मुरुमांसाठी डॉक्टरांनी लिहिलीय, हा बघा चिठ्ठीवरचा शब्द. मुलींनो, शक्य असेल तर आईला पहिल्याच भेटीला डॉक्टरांकडं घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात टिकतं. आणि डॉक्टर एकटीशी बोलायला बघत असतील तर आईनं पाच मिनिटं बाहेर बसावं. खरं उत्तर मिळालं तरच औषध बरोबर ठरतं.

दुसरा अवघड प्रसंग लग्न ठरल्यावर येतो. मुरुम साखरपुड्याआधी जावेत म्हणून गोळी सुरू होते, लग्न होतं, गोळी चालूच राहते, आणि सासरी ‘गोड बातमी कधी’ सुरू होतं. माहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी माहेरीच राहिलेली असते. म्हणून तारीख धरली की डॉक्टरांना सांगा. मूल लगेच हवं असेल तर गोळी आधीच बंद करावी लागते. किती आधी ते औषधावर ठरतं. स्पायरोनोलॅक्टोनला निदान महिनाभर तरी धरतात. मूल थांबवायचं असेल तर गर्भनिरोधक गोळी किंवा तांबी, जे काही असेल ते पक्कं ठरवा, आणि नवऱ्याला सांगा. नवऱ्यापासून लपवून घेतलेली गोळी एक-दोन दिवस चुकतेच.

इस्ट्रोजेनची गोळी सगळ्यांना चालत नाही. चमका येऊन अर्धशिशी होणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, पूर्वी गुठळी झालेल्या, पस्तिशी ओलांडून विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांना दुसरा मार्ग लागतो. तांबीत हार्मोन नसतं, ती बहुतेकींना चालते. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं, म्हणजे कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतात. ही चालू असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी सांगा.

गोळी चालू असताना पाळी चुकली तर घरी लघवीची तपासणी करा. पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवसापासून अँटी-अँड्रोजन बंद, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. मेडिकलमधून आपल्या मनानं गर्भपाताच्या गोळ्या आणून घेऊ नका. थोडे दिवस औषध पोटात गेलं म्हणजे बाळाला दोष येणारच असं नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

सहावी पायरी: सोबत काय चालत नाही

स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम अंगात राखून ठेवतं. निरोगी तरुण मुलीला त्याचा त्रास सहसा होत नाही आणि दर महिन्याला रक्त तपासत बसावं लागत नाही. सुरुवातीला एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवतं) आणि पोटॅशियम बघितलेलं बरं. वय पंचेचाळिशीपुढं असेल, मधुमेहानं मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल, किंवा रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या गोळ्या चालू असतील तर तपासण्या वरचेवर लागतात.

लघवीला जळजळ होते म्हणून गावातल्या डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल दिलं तर थांबून सांगा की मी स्पायरोनोलॅक्टोन घेते. त्या दोघांनी मिळून पोटॅशियम वाढतं, दुसरं औषध मिळू शकतं. ‘लो सोडियम’ मीठ म्हणजे पोटॅशियमचं मीठ, ते घरात नको. शहाळं कधीतरी प्यायलं तर बिघडत नाही, रोज दोन-दोन नकोत. पाळीत पोट दुखतं तेव्हा एखादी मेफेनामिक ॲसिड चालते, पण आठवडाभर सलग वेदनाशामक घेणार असाल तर विचारा. उलट्या-जुलाब लागले, किंवा निर्जळी उपवास धरला, तर त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना फोन करून ठरवा. अंगातलं पाणी कमी असताना लघवीची गोळी घेणं बरोबर नाही. छातीत धडधड, हातापायांत अचानक अशक्तपणा वाटला तर वाट बघत बसू नका.

सातवी पायरी: वाट बघणं आणि बंद करणं

मुरुमांत फरक पडायला तीन महिने लागतात, चेहऱ्यावरच्या केसांना सहा ते बारा, डोक्याला जवळजवळ वर्ष. जे केस राठ झालेत ते गोळीनं गळून पडत नाहीत. नवे बारीक येतात, वाढ मंदावते. आधी आठवड्याला थ्रेडिंग लागत होतं ते तीन आठवड्यांवर गेलं तर औषध लागू पडतंय. म्हणून जोडीला थ्रेडिंग किंवा लेझर चालूच ठेवायचं. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळेला फोटो काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

गोळी बंद केली की काही महिन्यांत लक्षणं हळूहळू परततात. ते तुमचं नशीब नाही, औषधाचा स्वभाव तो आहे. त्यामुळं किती वर्षं घ्यायची हे वर्षातून एकदा डॉक्टरांशी बसून ठरवा. व्यायाम आणि वजनाकडं लक्ष यानं इन्सुलिन सुधारतं, साखरेचा धोका कमी होतो, पण नुसत्या त्यानं हनुवटी साफ होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मेटफॉर्मिनचाही चेहऱ्यावरच्या केसांवर फारसा उपयोग होत नाही.

राहिला प्रश्न गोळी मिळण्याचा. लहान गावातल्या मेडिकलमध्ये स्पायरोनोलॅक्टोन नेहमी असेलच असं नाही, म्हणून पाकीट संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. जनऔषधी केंद्रात विचारा, तिथं स्वस्त पडतं. दुकानदारानं वेगळ्या कंपनीचं दिलं तर घाबरू नका, पण पाकिटावरचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून बघा. स्पायरोनोलॅक्टोन दुसऱ्या लघवीच्या औषधाबरोबर एकाच गोळीतही येतं, ते तुमचं नव्हे. आणि तुमच्या चिठ्ठीचा फोटो मामेबहिणीनं मागितला, तर फोटोऐवजी डॉक्टरांचा नंबर द्या.